शिराझ, मिरे आणि आईचे नाक

गेल्या हिवाळ्यात यावलकडे तापीकाठच्या एका शेतात आमची भरीत पार्टी होती. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, पुरुषमंडळी बोटे पोळवून घेत त्यांची साले काढत होती, बायका लसूण, हिरव्या मिरच्या आणि कांद्याच्या पातीच्या मागे लागल्या होत्या, तेवढ्यात दिंडोरीहून आलेल्या आमच्या दाजींनी गाडीतून एक बाटली काढली. बाटली म्हटली की आमच्याकडे ती विहिरीच्या मागे, पंपाच्या खोलीत, बायकांच्या नजरेआड उघडायची असते. दाजींचा मात्र तसा काही विचार नव्हता. त्यांच्या स्वतःच्या बागेतल्या शिराझ द्राक्षांची ती वाईन होती. ज्या वायनरीला ते माल घालतात तिने ती हंगामानंतर भेट दिली होती आणि आपल्या शेतातला नवा वाण पाहुण्यांना दाखवावा त्याच हौसेने ती त्यांना सगळ्यांना दाखवायची होती. स्टीलच्या पेल्यात थोडीशी ओतून त्यांनी ती फिरवली आणि ज्यांना प्यायची नाही त्यांनी निदान वास तरी घ्यावा, असा आग्रह धरला. पेला माझ्याकडे आला तेव्हा मला पिकून फुटलेल्या जांभळांचा, थोडासा काकवीचा आणि रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला. मग तो आईकडे गेला. आई माळकरी, शिवाय सत्तरी ओलांडलेली. ती हात मागे घेईल असे आम्हाला वाटले होते. तिने पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि ताबडतोब म्हणाली, "मिरास्ना वास येस ना याले!" आत्याने दुजोरा दिला, भाच्यानेही दिला. मी पेला परत मागून घेतला, हलवून पाहिला, नाक जवळजवळ बुडेपर्यंत आत घातले. जांभूळ होते, काकवी होती, लाकूड होते, मिरे नव्हते. "तुले नही येस का?" आईने विचारले. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, नवल होते.

आमचे दुकान मसाल्याचे आहे, म्हणून ते नवल मला जास्त लागले.

अमळनेरच्या बाजारात आजोबांनी किराण्याचे दुकान घातले आणि वडिलांनी त्याला मसाल्याची जोड दिली. होळी झाली की गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका वर्षभराचा काळा मसाला करायला येतात. धने, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, बादियान, तमालपत्र, खसखस अशी प्रत्येकीची यादी वेगळी आणि प्रमाण तिच्या सासूने ठरवून दिलेले. खोबरे जवळजवळ काळे होईपर्यंत भाजायचे, मिरच्या तेलावर परतायच्या आणि मग सगळे डंखावर कुटायला द्यायचे. डंख चालू असला की रस्त्याने जाणारा माणूससुद्धा शिंकून पुढे जातो. या धंद्यात नाक लागते. वडील पोत्यात हात घालून मूठभर मिरे काढत, तळहातांमध्ये चोळत, नाकाशी नेत आणि माल यंदाचा आहे की गेल्या साली कुठल्या तरी गोदामात पडून राहिलेला, हे सांगून टाकत. मला ते कधीच जमले नाही. मी मिरा दाताखाली फोडून तिखटावर जोखतो, दाण्याचे भरीवपण चिमटीत पाहतो आणि फारच शंका आली तर पेलाभर पाण्यात टाकतो, कारण चांगला भरलेला मिरा बुडतो आणि त्यात मिसळलेली पपईची बी तरंगते. धंदा यावर चालतो, उत्तम चालतो. तरी वडिलांनी तळहात नाकाशी नेल्यावर त्यांना जे कळत असे ते मला का कळत नाही, याचा सल लहानपणापासून कुठेतरी होताच, आणि दाजींच्या पेल्याने त्यावर नेमके बोट ठेवले.

पार्टीवरून परत आल्यावर मी या मिऱ्यांच्या मागे लागलो. उत्तर अनपेक्षित ठिकाणी होते. शिराझच्या वाईनला मिऱ्यांचा वास असतो हे पिणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण तो कशाने येतो हे ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले. द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचा एक पदार्थ अत्यंत अल्प प्रमाणात असतो, आणि काळ्या मिऱ्यांत तोच पदार्थ कितीतरी पटींनी जास्त असतो. आई उपमा देत नव्हती. तिच्या नाकाने पेल्यातला मिऱ्यांचा अंश खरोखरच पकडला होता. अंश तरी केवढा? एक लिटर रेड वाईनमध्ये 16 नॅनोग्रॅम रोटंडोन असले तरी ते ओळखणाऱ्या नाकाला पुरते. आम्ही खानदेशातली माणसे उन्हाळाभर वर्तमानपत्रात धरणांचे साठे दशलक्ष घनमीटरमध्ये वाचत असतो, म्हणून मी हा हिशेब त्याच मापाने केला. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर, आणि तेवढ्यात लागणार 16 ग्रॅम, म्हणजे माझ्या दुकानातली मसाल्याची एक लहान पुडी. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसीच्या, म्हणजे सुमारे सव्वापाचशे दशलक्ष घनमीटरच्या आसपास आहे. तेवढी सगळी वाईन असती, तरी तिला मिऱ्यांचा वास यायला साडेआठ किलोच्या आत-बाहेर रोटंडोन पुरले असते. आणि याच संशोधनात माझीही गोष्ट होती. वास घेऊन पाहणाऱ्यांपैकी सुमारे 20 टक्के लोकांना हा पदार्थ अजिबात आला नाही. साध्या पाण्यात लिटरला 4,000 नॅनोग्रॅम मिसळून दिला तरीही नाही. त्यांची नाके इतर बाबतीत धडधाकट होती. या एका वासापुरते दार बंद.

पाचांतला एक. तो मी.

हे वाचल्यावर मला सुटल्यासारखेही वाटले आणि थोडे फसवले गेल्यासारखेही. मिरे मला येतात, हे आधी सांगायला हवे. मिऱ्यांच्या वासात इतरही बरेच काही असते, त्यातला लिंबासारखा आणि देवदारासारखा भाग मला स्वच्छ कळतो, आणि त्यांचा तिखटपणा तर नाकाचा नव्हेच, तो पिपेरीनचा, जिभेवर आणि घशात कळणारा. त्यामुळे पन्नाशी उलटेपर्यंत आपल्याला मिऱ्यांतले काही येत नाही, अशी शंका यायचे कारणच नव्हते. जे आलेच नाही ते नाही म्हणून कळणार कसे? वडिलांना जुना-नवा माल ओळखता येई त्याचा संबंध रोटंडोनशीच होता असे मी म्हणणार नाही. साठवणीत मिऱ्यांतली इतर तेलेही उडून जातात आणि तो फरक ओळखणे हा सरावाचा भाग आहे. पण दुकानात बसल्या बसल्या मी एक खेळ सुरू केला. मिरे कुटून वाटीत ठेवायचे आणि आईला विचारायचे, तुला काय येते ते सांग. ती सांगत जाते: पहिल्यांदा नाकात शिरणारे झणझणीत, मग थोडे गोडसर, आणि त्या दोहोंच्या खाली बसलेले एक कोरडे, लाकडी, कडवट असे काही, जे वाटी रिकामी केली तरी वाटीला चिकटून राहते. पहिली दोन मला येतात. तिसऱ्यापाशी माझी पाटी कोरी.

आणखी एक गंमत नागरमोथ्याची. रोटंडोन पहिल्यांदा सापडले ते द्राक्षातही नाही आणि मिऱ्यांतही नाही. 1960 च्या दशकात ते नागरमोथ्याच्या गाठींतून वेगळे काढले गेले. हा तोच नागरमोथा, ज्याच्या नावाने खानदेशातला प्रत्येक कापूस उत्पादक बोटे मोडतो. मामाच्या शेतात पावसाळ्यात निंदणीला बसलो की पात वरून तुटे आणि गाठ जमिनीत शिल्लक राही, आठ दिवसांत तिथून पुन्हा हिरवी सुई वर येई. कोळपे चालवले तर गाठींची माळ तुटून उलट जास्त पसरे. त्याच गाठी वाळवून, कुटून दिवाळीच्या उटण्यात जातात आणि आमच्याच दुकानात आवळकाठी, कचोरा, वाळा यांच्या शेजारच्या डब्यात असतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई पाठीला उटणे चोळताना त्या वासाने सगळ्या घराला दिवाळी झाल्यासारखे वाटे, असे माझ्या बहिणी अजून सांगतात. मला उटण्यात कचोरा येतो, वाळा येतो, आणि नागरमोथ्याचा म्हणून जो येतो तो ओल्या गोणपाटासारखा, मातकट. त्यातही इतर सुगंधी घटक पुष्कळ आहेत, तेव्हा माझ्या वाट्याला काहीच आले नाही असे नाही. तरी एकाच मोरीत, एकाच पाटावर बसून आम्ही भावंडे दोन वेगळ्या दिवाळ्या नाकाने साजऱ्या करत होतो आणि कोणालाच त्याचा पत्ता नव्हता, हे मला एका परक्या द्राक्षाने सांगितले, याचे हसू येते.

परके तरी किती, तेही पाहिले. शिराझ म्हटले की इराण डोळ्यांपुढे येते, आणि धर्मयुद्धावरून परतलेल्या एका सरदाराने ही वेल तिकडून फ्रान्समध्ये आणून ऱ्होन नदीकाठच्या हर्मिटाजच्या टेकडीवर लावली, अशी एक कहाणी फार आवडीने सांगितली जाते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस आणि फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संशोधकांनी डीएनए तपासून तिचा निकाल लावला. शिराझचे आईबाप म्हणजे मोंडूझ ब्लांश नावाचे पांढरे आणि द्युरेझा नावाचे काळे द्राक्ष. दोन्ही आग्नेय फ्रान्सची, दोन्ही फारशी कोणाला माहीत नसलेली. फ्रान्समध्ये तिला आजही सिराह म्हणतात. जेम्स बझ्बी याने 1831 मध्ये युरोपभर फिरून वेलींच्या काड्या गोळा केल्या, पुढच्या वर्षी त्या ऑस्ट्रेलियात पोहोचल्या, आणि तिथल्या उन्हात ही वेल अशी रुजली की आज जग तिला ऑस्ट्रेलियाच्या नावाने ओळखते. आपल्याकडे 2001 मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले आणि नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी थॉमसन या खायच्या द्राक्षांच्या शेजारी या काळ्या मण्यांच्या बागा लावून पाहायला सुरुवात केली. दाजींनी ती लावली तेव्हा त्यांच्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला होता. त्यांचे म्हणणे सरळ होते: जो माल बाजारात नेऊन विकता येत नाही आणि पोरासोरांना खायला घालता येत नाही, तो शेतात कशाला?

आमच्या घरातला विरोध निराळ्या जातीचा होता. माझे एक काका दारूपायी गेले. गावठी, देशी, जे मिळेल ते. पंगतीत त्यांचे नाव निघाले की आजही बोलणे थांबते. सातपुड्यात मोहाची दारू सणाला देवापुढे ठेवतात हे आम्ही जाणतो आणि तिच्याबद्दल आदराने बोलतो, पण आपल्या ओट्यावर कोणी पिऊन आला तर दार लावून घेतो. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या सुपर मार्केटमध्ये वाईन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा, वाईन म्हणजे दारू की नव्हे, यावर कितीतरी दिवस आमच्या दुकानाच्या फळीवर वाद झाले. अट 100 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाची होती. आमचे दुकान त्यात शिरले असते तरी दुसऱ्या बाजूने बाहेर पडले असते. तरीही आई रोज विचारी, "आपण ठेवणार नाही ना?" तेरा-चौदा टक्के मद्यार्क असलेल्या पदार्थाला फळांचा रस म्हणणे मला तेव्हाही पटले नाही, आताही पटत नाही. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळतो हे खरे, आणि दारू ती दारू हेही खरे. या दोन खऱ्यांमध्ये मी उभा आहे आणि दाजींनी बाटली पुढे केली की पेलाही पुढे करतो. म्हणूनच शिराझची ओळख बाटलीपेक्षा बागेत करून घ्यावी असे मनात येऊ लागले. आईलाही बरोबर नेता येईल, हा त्यातला दुसरा हेतू.

फेब्रुवारीत आम्ही दिंडोरीला गेलो तेव्हा थॉमसनच्या बागेत सगळीकडे लगबग होती आणि शिराझच्या बागेत कोणीच नव्हते. दोन्ही बागांमध्ये फक्त एक बांध, पण एकाच घरातली म्हणून ओळखू येणार नाहीत. खायच्या द्राक्षांची वेल मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर पसरलेली; तिला जिए या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवून मणी फुगवायचे, विरळणी करून घड मोकळा करायचा, मणी जितका मोठा तितका भाव. शिराझची वेल उभ्या तारांमध्ये सरळ वर बांधलेली. तिला ना डिपिंग, ना लाड. मणी लहानच हवा, कारण रंग, तुरटपणा आणि तो मिऱ्यांचा वास सगळे सालीत असते, आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. फ्रान्समध्ये ही वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपी जाते. आपल्याकडे तिला झोप नाही. एप्रिलच्या कडक उन्हात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट, आणि थंडी ओसरता ओसरता तोडणी. जिथे उन्हाळ्यात फळ पिकते तिथून आलेली वेल इथे हिवाळ्यात फळ पिकवते. दाजी म्हणतात, सासरी आल्यावर तिने सगळ्या सवयी बदलल्या. बदलल्या की बदलायला लावल्या, हे वेलीलाच विचारायला हवे.

मी एक घड हातात घेतला. लांबट, घट्ट, निळसर काळा आणि त्यावर बोट फिरवले की पुसली जाणारी राखाडी लव. मणी अंड्याच्या आकाराचे, करवंदाहून फारसे मोठे नाहीत. एक तोडून दाबला तर आतून निघालेला गर जवळजवळ पाण्याच्या रंगाचा. काळेपणाचा त्यात मागमूस नाही. तीच साल बोटांत चुरगाळली तर बोटे जांभळी, आणि तो डाग संध्याकाळपर्यंत जेवणातही बरोबर होता. वाईन लाल होते ती रसाने नाही, रस सालींवर कित्येक दिवस आंबत राहतो म्हणून. काही घडांतले मणी सुरकुतलेले होते. मला वाटले पाणी कमी पडले, पण दाजींनी सांगितले की शिराझचा हा स्वभावच आहे. पिकत आली की मण्यात येणारे पाणी मंदावते, बाहेर जाणारे चालू राहते, आणि मणी वेलीवरच आकसायला लागतो. साखर त्यामुळे चढलेली दिसते, वजन मात्र उतरते. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात आणि तोडणीची तारीख वायनरी ठरवते, तेव्हा या सुरकुत्यांवरून दरवर्षी थोडी बाचाबाची होते. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून दाजींनी ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, पाहिला, तेवीसच्या पुढे होता, आणि मग मला बी चावायला लावली. बी हिरवट असेल तर दाताला कडू लागून जीभ आखडते. तपकिरी झाली की भाजलेल्या हरभऱ्यासारखी कुडकुडते. ही परीक्षा मला लगेच जमली. साल चघळून तिचा तुरटपणा हिरड्यांवर कसा बसतो, खरखरीत की मऊ, हेही कळू लागले. मिरे दाताखाली जोखण्याची जुनी सवय इथे उपयोगी पडली.

आई मागे राहिली होती.

द्राक्ष खायला माळेची आडकाठी नाही, त्यामुळे ती निवांतपणे प्रत्येक ओळीत एक-एक मणी तोंडात टाकत चालली होती. वायनरीचा एक तरुण तांत्रिक कर्मचारी तिथे आला होता, त्याने तिला साल चघळून थुंकायला सांगितले, म्हणजे पुढच्या मण्याची चव स्वच्छ कळते. आईला ते अजिबात मान्य नव्हते. फळ थुंकायचे नसते. ती गिळत राहिली आणि बोलत राहिली: या ओळीत मिरे आहेत, या ओळीत नाहीत, या घडात वरच्या मण्यांना आहेत, खालच्यांना कमी. बांधावरच्या आंब्याची सावली जिथे दुपारनंतर पडत होती तिथे ती थांबली आणि म्हणाली, इथे सगळ्यात जास्त. तो मुलगा वही काढून लिहून घेऊ लागला. ती सांगत होती ते अंदाजपंचे नव्हते, हे त्याला कळत होते. रोटंडोनला ऊन सोसत नाही. घडाच्या पृष्ठभागाचे तापमान 25 अंशांच्या वर जास्त वेळ राहिले की ते कमी भरते. थंड प्रदेशातल्या शिराझला मिरे जास्त आणि तापलेल्या प्रदेशातल्या शिराझला मुरंब्याची, चॉकलेटची गोडी जास्त, ती याच कारणाने. एकाच बागेत, एकाच वेलीच्या दोन बाजूंनाही हा फरक पडतो, कारण पश्चिमेचा घड दुपारचे ऊन खातो. दिंडोरीच्या थंडीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो म्हणून तरी तिथे मिरे टिकतात. आमच्या अमळनेरला, जिथे मे महिन्यात 45 अंश ही बातमीसुद्धा होत नाही, तिथे ही वेल लावली तर तिच्या सालीत मिऱ्यांचे काय उरेल याचा विचार करून आई म्हणाली, "मंग तुले काय फरक पडनार शे?" या वेळी मात्र थट्टा होती.

मी तिच्या मागून त्याच ओळींत, त्याच घडांतले मणी खात गेलो. सावलीतला मणी मला थोडा आंबट, कमी गोड आणि सालीला जरा जाड लागला. उन्हातला गोड, मऊ, जांभळाच्या जवळचा. म्हणजे आई ज्या फरकाबद्दल बोलत होती त्याच्या शेजारून मीही चाललो होतो, फक्त माझ्या हाती त्याची दुसरी टोके लागत होती. तिने न पिता शिराझ ओळखली आणि मी पिऊनही ती अर्धवट ओळखतो, असे दाजी सगळ्यांना सांगत फिरतात. त्यात तथ्य आहे. पण अर्धवट हा शब्द मला खुपतो. मला शिराझच्या वाईनमधला धूर आवडतो, भरताच्या सालीला असतो तसा नाही, विझलेल्या चुलीजवळ बसल्यावर कपड्यांना राहतो त्याच्या जातीचा. ज्यांना मिरे येतात त्यांचे लक्ष आधी तिकडे जाते. धुराकडे ते उशिरा वळतात. कळण्याची भाकरी, भरीत आणि थोडी शिराझ हे मला जमलेले जेवण आहे. शेवभाजीबरोबर ती मुळीच नको. काळ्या मसाल्याच्या तर्रीवर मद्यार्क आगीत तेल ओततो, वाईनचा तुरटपणा दुप्पट होतो आणि दोन्हींचा घात होतो. आणि ती घरातल्या तापमानाला प्यावी, असे जे सांगतात त्यांचे घर खानदेशात नसते. मार्चमध्ये आमच्या माडीवर ठेवलेली वाईन काढ्यासारखी लागते. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय तिच्यातले जांभूळ जागेवर येत नाही.

आता दाजींच्या बागेत पानांवरून वाद चालू आहे. फळछाटणीनंतर घडांभोवतीची पाने काढावीत, हवा खेळती राहते, भुरी कमी येते, रंग चांगला भरतो, असे वायनरीचे म्हणणे. दाजींचे म्हणणे, पूर्वेची काढा, सकाळचे ऊन मऊ असते. पश्चिमेची ठेवा, नाहीतर मिरे जातील. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असल्याने यंदा अर्ध्या बागेत दोन्ही बाजूंची पाने काढायची आणि अर्ध्या बागेत फक्त पूर्वेची, असे ठरले आहे. तोडणीच्या आधी आईने येऊन दोन्हीकडचे मणी चाखून सांगावे, यासाठी त्या तरुणाचा स्वतःचा फोन आला होता. माझ्याकडे बियांची परीक्षा सोपवली आहे, ती काही कमी जबाबदारी नव्हे, असे त्याने पुन्हापुन्हा बजावले. आईने होकार दिला, पण दोन अटी घालून. एकादशीला बोलावू नये, कारण त्या दिवशी सबंध दिवस तोंड चालवत राहणे तिला बरे वाटत नाही. आणि थुंकायला सांगू नये.